वाजवणाऱ्यांची कंपनी

समजा, हे काम तुम्हाला करायचं आहे. समोर एक जड यंत्र आहे. त्याच्या फिरत्या तव्यावर ॲल्युमिनियमची चकती, चकतीवर काळ्या लाखेचा थर, इतका गुळगुळीत की त्यात तुमचं तोंड दिसतं. डावीकडे टेपचं रीळ फिरतंय आणि त्यावर कुणीतरी जीव ओतून वाजवलेलं आहे. तुम्ही तापलेली सुई त्या थरावर उतरवायची. एकदा उतरली की माघार नाही. सुई कोरत कोरत आत सरकते, कोरलेली लाख केसासारखी वर उठते आणि ती तिथल्या तिथे नळीने ओढून घ्यावी लागते. सुईत गुंतली तर चकती वाया, आणि ठिणगी लागली तर खोलीच पेटायची. मोठा आवाज आला की चर रुंद होतो आणि शेजारच्या चरात घुसू बघतो. म्हणून ढोल वाजण्याच्या किंचित आधी, लक्षात घ्या, आधी, तुम्ही हाताने चाक फिरवून त्याला जागा करून द्यायची. म्हणजे पुढे काय वाजणार आहे ते तुम्हाला पाठ हवं. शिंक आली तर गिळायची.

रेकॉर्डची पहिली चकती कोरायचं हे काम धाकटीने जन्मभर केलं.

तिला सगळे धाकटीच म्हणतात. सत्तरी उलटली, पाठ वाकली, भाचरांची लग्नं झाली, तरी धाकटीच. कारण थोरली प्रसिद्ध होती. थोरली क्लॅरिनेट वाजवायची आणि ती त्या पाच जणांपैकी एक होती ज्यांनी वाजवणाऱ्यांची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. त्या कंपनीवर आता जाडजूड पुस्तकं निघतात. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या पाच जणांचा फोटो तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. फोटो काढणारी धाकटी होती, म्हणून ती त्यात नाही. तिला त्याचं काही वाटत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, माझा राग एवढा स्वस्त नाही.

तिचा राग काय आहे, ते सांगायला हे लिहितो आहे.

वडील रेडिओ दुरुस्त करायचे. घरात दोन मुली. थोरलीच्या हातात वाद्य आलं आणि धाकटीच्या हातात तारांना डाख द्यायची तापती सळई, म्हणजे सोल्डरिंग आयर्न. थोरली मोठ्या कंपनीत तासावर वाजवायला लागली, तेव्हा तिनेच शब्द टाकून धाकटीला तिथल्या कटिंगच्या, म्हणजे चकत्या कोरायच्या खोलीत चिकटवलं. मोठी कंपनी म्हणजे खरोखर मोठी. लांबलचक बोळ, दारांवर लाल दिवे, प्रत्येक मजल्यावर वेगळा साहेब. वाजवणाऱ्यांनी मागच्या दाराने यायचं, समोर ठेवलेला कागद वाचून वाजवायचं आणि निघायचं. कुठल्या रेकॉर्डवर आपण आहोत ते दुकानात ऐकून कळायचं.

आणि तिथे ब्लेड होतं. दाढीचं साधं ब्लेड. टेप लांब झाली की एडिटर ती ओढायचा, खडूने खूण करायचा, सपकन कापायचा आणि दोन टोकं चिकटवून मोकळा व्हायचा. एक दिवस त्याने थोरलीचा तुकडा कापला. रेकॉर्डच्या एका बाजूत सगळं मावत नव्हतं, आणि गाणारीचा आवाज तर कापता येत नाही. थोरलीने मिनिटभर जे वाजवलं होतं ते त्याच्या टेबलाखालच्या डब्यात पडलं. धाकटी तिथेच उभी होती. थोरलीला कळलं तेव्हा ती साहेबाकडे गेली. साहेब वाईट नव्हता, असं धाकटी अजून सांगते. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं की बाई, शिंपी कापड कापतो म्हणून कापडाने रडायचं नसतं.

थोरली घरी येऊन जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने चौघांना गोळा केलं.

ते चौघे असे. मास्तर, म्हणजे व्हायोलिनवाले, वयाने आणि मानाने मोठे. ढोल्या, जो ड्रम वाजवायचा आणि अंगानेही तसाच होता, त्यामुळे नावावर त्याला हरकत घेता येत नव्हती. भाता, जो ॲकॉर्डियन वाजवायचा. आणि मुका, जो बास वाजवायचा आणि बोलायचा नाही. पाचवी थोरली. सहावी धाकटी, पण तिला कुणी मोजलं नाही. ती यंत्राबरोबर आली.

त्यांना जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या लाँड्रीची. भिंतींना छतापर्यंत पांढऱ्या फरशा, जमिनीच्या मधोमध पाणी जायची जाळी, वर वाफेचे पाइप. ओलसर साबणाचा वास पुढे कितीतरी वर्षं गेला नाही. मास्तरांनी आत येऊन एक टाळी वाजवली आणि ती टाळी खोलीभर फिरून परत आली. ते म्हणाले, इथेच. ढोल्या म्हणाला, छान, रेकॉर्ड नाही खपल्या तर चादरी धुऊ. धाकटीने कपडे वाळवायच्या खोलीत यंत्र लावलं, भिंतीला भोक पाडून काच बसवली, जुन्या गाद्या फाडून दारांना ठोकल्या. मोठ्या कंपनीतली नोकरी तिने त्याच आठवड्यात सोडली. वडील म्हणाले, पोरी, बुडत्याचा पाय खोलात. ती म्हणाली, असू दे, पाय तरी आपला आहे.

पहिल्याच दिवशी नियम ठरले. नियम दोनच होते आणि दोन्ही ब्लेडच्या रागातून आले होते.

पहिला: इथे टेप कापायची नाही. जे वाजलं ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत जसंच्या तसं.

दुसरा: वाजवून झालं की पाचही जणांनी एकत्र बसून ते ऐकायचं. ऐकून झालं की ज्याला मान्य त्याने हात टेबलावर ठेवायचा. पाच हात आले तर रेकॉर्ड. एक जरी हात कमी पडला तर ती टेप तिथल्या तिथे पुसायची. आणि ज्याने नकार दिला, त्यानेच उठून बटण दाबायचं.

बघा, किती सुंदर नियम आहे. कुणी साहेब नाही, कुणाची मेहेरबानी नाही. पुस्तकांमध्ये या नियमावर पानंच्या पानं आहेत. पण धाकटीने त्याच दिवशी विचारलं होतं की नापसंत टेप पुसायची कशाला, बाजूला ठेवू, कपाट मोठं आहे. त्यावर सगळे हसले. रागाने नाही, लाडाने हसले, जसं मोठ्या माणसांच्या बोलण्यात पोर मध्ये बोललं की हसतात. भाता म्हणाला की कोरी टेप महाग असते. मास्तर म्हणाले की खरं कारण ते नाही. खरं कारण असं की वाजवणारा जिवंत आहे, तो उद्या पुन्हा वाजवेल आणि आजच्यापेक्षा चांगलं वाजवेल. टेप जपून ठेवतो तो दुकानदार, कारण त्याला वाजवता येत नाही.

हे वाक्य मी पुस्तकात वाचलं तेव्हा मलाही आवडलं होतं. आता वाचवत नाही. दुकानदाराने कुठलीही टेप कधीच पुसली नसती. ही चूक फक्त वाजवणारेच करू शकतात.

कंपनी चालली. पहिली रेकॉर्ड कुणी हातात धरायला तयार नव्हतं, दुसरी रेडिओवर लागली, तिसरीनंतर लोक लाँड्रीचा पत्ता विचारत यायला लागले. पाकिटावर पाचही नावं सारख्याच अक्षरात छापलेली असायची. धाकटी चकत्या कोरत होती. पुसणंही चालू होतं. ढोल्याने स्वतःच्या एका ठोक्यासाठी अख्खी टेप पुसली. मुक्याने काही न बोलता जाऊन बटण दाबलं आणि का ते कुणालाच कळलं नाही. त्यांना पुसण्याची ऐट वाटायची. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर तर जरा जास्तच.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ होती. मास्तरांनी बांधलेली एक रचना वाजत होती. सुरुवात व्हायोलिनची, मध्ये थोडा वेळ क्लॅरिनेट, मग पुन्हा व्हायोलिन आणि शेवट, असं ठरलेलं. थोरलीने क्लॅरिनेट उचललं आणि तिची वेळ संपली तरी ती थांबली नाही. त्यांच्यात तशी रीत होती. कुणाला लागलं, म्हणजे सूर सापडला, की बाकीच्यांनी वाट बघायची. ढोल्याने हात हलके केले, मुका तिच्या मागे मागे गेला. मास्तर व्हायोलिन खांद्यावर घेऊन उभे होते, गज खाली सोडलेला. रचना संपली तेव्हाही गज खालीच होता, कारण थोरलीनेच ती संपवली. त्यांची शेवटची जागा त्यांना मिळालीच नाही.

हे सगळं धाकटीने काचेतून पाहिलं. ऐकलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नाही रे. मी आवाजाच्या मीटरचा काटा बघत होते. काटा लाल पट्टीत जाऊ नये एवढंच बघत होते. ताई वाजवते म्हटलं की मला भीती वाटायची, माझ्याकडून काही बिघडू नये. वाटलं होतं, चकती कोरताना निवांत ऐकेन.

मास्तरांना घाई होती. ते ऐकायला न थांबता निघून गेले. उरलेल्या चौघांनी ऐकलं. धाकटी तेव्हा वाळवणाच्या खोलीत दुसरी एक चकती कोरत होती, कानाला हेडफोन. ती बाहेर आली तेव्हा टेबलावर चार हात होते आणि ढोल्या डोळे पुसत होता. मास्तर आले की पाचवा हात पडेल, असं ठरवून त्यांनी रीळ कोऱ्या डब्यात ठेवलं. पाच हात पडल्याशिवाय डब्यावर नाव लिहायचं नाही, अशीही त्यांची एक सवय होती. संध्याकाळी ढोल्या लाँड्रीतले स्पीकर एका कार्यक्रमासाठी गाडीत घालून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आली तर मास्तर आधीच आलेले होते. यंत्रावर रीळ होतं. तेच. त्यांनी हात मागे बांधून सांगितलं की ती कालची टेप त्यांनी पुसली, सुरुवातीला त्यांचं व्हायोलिन किंचित उतरलं होतं, आज पुन्हा घेऊ.

धाकटीने टेप लावून पाहिली. नुसती फुसफुस. शेवटपर्यंत.

बाकीचे आल्यावर जे झालं ते तिचं मला चार वेळा सांगून झालं आहे आणि चारही वेळा तिचा आवाज तसाच चढला. तिने मास्तरांना विचारलं की सगळ्यांनी एकत्र ऐकायचं असा नियम आहे, मग एकट्याने कसं पुसलं. मास्तर म्हणाले, पाचवा हात पडणारच नव्हता, मग चौघांचा वेळ कशाला घालवायचा. भाता म्हणाला की तसं बघितलं तर बरोबर आहे, नकार एकाचाही पुरतो. ढोल्या भांडायला उठला होता, पण मास्तरांसमोर तो नेहमी बसायचाच, तसा बसला.

मग ती थोरलीकडे वळली. तू तरी बोल, म्हणाली.

थोरली क्लॅरिनेट जोडत होती. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "नियम आपणच केलाय ना? मग. पुन्हा वाजवते, त्यात काय."

त्या दिवशी पुन्हा घेतलं. ठीक झालं, पण थोरलीने स्वतःच हात ठेवला नाही. दोन दिवसांनी पुन्हा, तिने पुन्हा पुसलं. पुढच्या आठवड्यात बघू, असं ठरलं.

पुढच्या आठवड्यात थोरली सकाळी उठली आणि चूळ भरताना पाणी ओठाच्या कडेने गळायला लागलं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेली. डॉक्टरांनी धीर दिला, बऱ्याच जणांचं आपोआप सुधारतं म्हणाले. डोळा सुधारला, बोलणं सुधारलं. ओठ सुधारला नाही. क्लॅरिनेटची पत्ती ओठाने धरावी लागते, घट्ट, पण मऊ. तो ओठ वारा धरेना. ती वर्षभर बंद दाराआड प्रयत्न करत राहिली. बाहेर ऐकू यायचं ते वाजवणं नव्हतं, हवा गळण्याचा आवाज होता. मग एक दिवस तिने वाद्य पेटीत ठेवून पेटी माळ्यावर टाकली.

धाकटीने मग लाँड्रीत विषय काढला. टेबलावर हात आपटून सांगितलं की यापुढे एकही टेप पुसायची नाही, आवडो न आवडो, कपाटात जाईल. चौघांनी माना खाली घालून हात पुढे केले. मास्तरांनीसुद्धा. थोरली अजून येत होती, वाजवत नसली तरी पाचवी तीच होती. तिने हात मांडीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

घरी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. थोरलीचं म्हणणं असं की माझ्यासाठी नियम बदलायचा नाही, मला कुणाची कीव नको. धाकटी म्हणाली, तुझ्यासाठी नाही ग, माझ्यासाठी. मला ऐकायचं होतं. थोरली म्हणाली, "चांगलं झालं होतं ते. तुला सांगते, तसं मला आयुष्यात पुन्हा जमलं नसतं, तोंड धड असतं तरी."

म्हणजे बघा. तिला माहीत होतं. पुन्हा वाजवू, उद्या वाजवू, आणखी चांगलं वाजवू, हे सगळं थोतांड आहे हे त्या पाचातल्या निदान एका माणसाला माहीत होतं, आणि तिने हात मांडीवरच ठेवला. धाकटी मास्तरांवर चिडलेली आहे, पण बहिणीवरही तितकीच चिडलेली आहे, आणि बहीण वारल्यावर तो राग कमी झाला असं कुणाला वाटत असेल तर त्याला बहिणी नसाव्यात.

नियम कंपनीच्या शेवटापर्यंत तसाच राहिला. आणि शेवट असा झाला की मोठ्या कंपनीनेच ती विकत घेतली. त्यांची माणसं लाँड्रीत आली, कपाट उघडलं आणि एकमेकांकडे बघायला लागली. एवढंच? इतक्या वर्षांचं काम आणि एक कपाटही भरलेलं नाही? मोठ्या कंपनीकडे तळघरं भरून टेपा आहेत. थोरलीने तासावर जे जे वाजवलं ते सगळं तिथे आहे, नाव नसलेलं, पण आहे. ज्यांनी तिला कापलं त्यांनी तिला जपलं आणि ज्यांनी तिला डोक्यावर घेतलं त्यांनी पुसलं. हे मी धाकटीला म्हणालो तर ती भडकली. म्हणाली, मग काय त्या ब्लेडवाल्यांचे पाय धरू? दोघांचीही तोंडं नकोत मला.

परवा कंपनीच्या आठवणीत एक सत्कार झाला. ढोल्या, भाता, मुका, कुणीच उरलेले नाहीत. मास्तर आहेत. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं, मागे नात. माइक हातात दिल्यावर त्यांचा आवाज खणखणीत निघाला. म्हणाले की आम्ही संगीताला कधी माल मानलं नाही, आम्ही पकडून ठेवण्यापेक्षा सोडून देणारे लोक. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी धाकटी बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, पर्स उचलली आणि सरळ पुढे गेली. मी मागे.

"मास्तर," ती म्हणाली, "मी धाकटी."

त्यांनी ओळखलं. हात धरला, कशी आहेस विचारलं. तिने हात सोडवून घेतला.

"त्या सकाळी ताईची टेप तुम्ही पुसलीत. पुसण्याआधी ऐकली होती का?"

ते हसले. "अगं, किती वर्षं झाली. ऐकलीच असेल."

"असेल नको. स्पीकर ढोल्या घेऊन गेला होता. खोलीत फक्त माझा हेडफोन होता, आणि तो मी गुंडाळून ठेवला होता तसाच खुंटीवर होता. तुम्ही ऐकलीत की नाही?"

मास्तरांचं हसू गेलं. नातीने खाली वाकून त्यांच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली, आम्हाला म्हणाली की आजोबा थकलेत, आणि खुर्ची वळवली. खुर्ची वळताना त्यांनी मान मागे करून धाकटीकडे पाहिलं. ती म्हणते, त्या बघण्यात उत्तर होतं. कुठलं, ते तिला सांगता येत नाही.

घरी जाताना ती बसमध्ये तावातावाने बोलत होती, लोक वळून बघत होते तरी. हेडफोनचं तिने मला पुन्हा समजावलं. वायर गुंडाळायची तिची पद्धत वेगळी होती, टोक आत खोचायची. मी म्हणालो, मास्तर इतकी वर्षं तुझ्याबरोबर होते, त्यांनाही तशी गुंडाळता येत असेल. हे तिला आधीच सुचलेलं होतं, माझ्यापेक्षा कितीतरी आधी, हे तिच्या तोंडावरून कळलं.

मास्तरांनी न ऐकताच पुसली असेल असं तिने धरून चालायला हवं, म्हणजे नुसता राग करता येईल, सरळ आणि स्वच्छ. गज खाली सोडून उभं राहावं लागलेल्या एका माणसाचा तो सूड होता, संपलं. पण ऐकली असेल तर? तर ताईचं ते वाजवणं या जगात एकाच डोक्यात शिल्लक आहे, आणि ते डोकं त्या खुर्चीत आहे, आणि नात त्याला थकलेत म्हणून घेऊन जाते.

उतरायच्या आधी ती मला म्हणाली की ती पुन्हा जाणार आहे, त्यांच्या घरी, आणि या वेळी दारात बसणार आहे. रागावणार नाही, असंही म्हणाली, ज्यावर माझा विश्वास नाही. विचारायचं एवढंच आहे: मास्तर, ऐकली होती का? आणि ऐकली असेल, तर कुठपर्यंत?